हुमणीचा बंदोबस्त आणि विषाचा आग्रह

भुईमूग, सोयाबीन, तूर यांसारख्या द्विदल पिकांच्या मुळांवर जमिनीच्या पोटात राहून जगणाऱ्या किडींचा, आणि त्यांतही विशेषेकरून हुमणीचा, बंदोबस्त रासायनिक विषावाचून होणे शक्य नाही, हे मत आज आपल्या मुलखात इतके सार्वत्रिक झाले आहे, की ते केवळ एक मत आहे आणि त्याचीही छाननी होऊ शकते, याचे भान पुष्कळांना उरलेले नाही. कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर ते ऐकू येते, गावच्या पारावर ते बोलले जाते, आणि शेतीविषयक सभांतून चांगली शिकलेली माणसेही ते निःशंकपणे उच्चारतात. या मताचा प्रतिवाद करणे मला कर्तव्य वाटते. कारण ज्या किडीविषयी ते मांडले जाते तिच्या जीवनक्रमाचे अज्ञान त्याच्या मुळाशी आहे, आणि त्या अज्ञानाची किंमत शेतकरी, त्याची जमीन व त्याने पिकविलेले अन्न खाणारे आपण सारे चुकवीत आलो आहोत.

पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. तो असा, की हुमणी दृष्टीआड असते. पीक चांगले वाढीस लागलेले असताना एका ओळीतील झाडे एकामागून एक माना टाकतात, उपटू गेल्यास विनासायास हाती येतात, आणि मुळांच्या जागी काही शिल्लक उरलेले नसते. ज्याचे वर्षाचे उत्पन्न असे डोळ्यांदेखत वाळत आहे, त्याला बुरशीच्या भुकटीने पंधरा दिवसांनी गुण येईल असे सांगणे हा निर्दयपणा होय. शिवाय निंबोळी पेंड महाग, जैविक भुकट्यांत भेसळ, आणि भुंगेरे वेचण्यास मजूर कोणी द्यावा? यांतील एकही तक्रार खोटी नाही. परंतु त्या साऱ्या खऱ्या मानूनही त्यांतून जो निष्कर्ष काढला जातो तो खरा ठरत नाही.

प्रथम अपरिहार्यतेच्या दाव्याची रुजवात इतिहासाशी घालून पाहू. एके काळी हुमणी आणि वाळवी यांसाठी बीएचसीची भुकटी नांगराच्या तासात धुरळणे हा शिरस्ता होता, आणि तिच्या जोडीला आल्ड्रीन व हेप्टाक्लोर होते. ही द्रव्ये जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात, प्राणिमात्राच्या चरबीत साठतात आणि मातेच्या दुधापर्यंत पोहोचतात, हे निर्विवाद ठरल्यावर १९९६-९७ च्या सुमारास आपल्या देशात ती बंद झाली. बीएचसीचाच परिणामकारक अंश असलेले लिंडेन त्यानंतरही चालू राहिले. त्याचा वापर २०१३ साली थांबला. दरम्यान खेडोपाडी थिमेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाणेदार फोरेटने ती जागा घेतली होती. २०१८ च्या सरकारी आदेशान्वये २०२० साल संपताना तेही निषिद्ध झाले. कार्बोफ्युरानवर २०२३ साली कडक मर्यादा आल्या. आज ज्याच्यावर मुख्य भिस्त ठेवली जाते त्या क्लोरपायरिफॉसला युरोपीय संघाने २०२० साली परवानगी नाकारली, आणि २०२५ साली, काही सवलती राखून का होईना, दीर्घकाळ टिकणाऱ्या विषांविषयीच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचा समावेश झाला. यांतील प्रत्येक द्रव्याच्या हयातीत त्याच्यावाचून इलाज नाही असेच सांगितले गेले. आणि त्यांतील जी जी द्रव्ये दप्तरी बाद झाली, त्यांच्यानंतरही भुईमूग पेरला जात राहिला व हुमणीही पूर्ववत राहिली. ज्या उपायाला प्रत्येक पिढीत नवे नाव धारण करावे लागते आणि ज्याने आपला शत्रू एकाही जिल्ह्यातून हद्दपार केलेला नाही, त्याला अपरिहार्य कोणत्या अर्थाने म्हणावे?

आता मुख्य गोष्टीकडे वळू, म्हणजे प्रत्यक्ष किडीकडे. हुमणी, उन्नी, उकरी, गांढर अशा निरनिराळ्या नावांनी जिल्ह्याजिल्ह्यांत ओळखली जाणारी ही पांढुरकी, तपकिरी डोक्याची, अर्धचंद्राकृती अळी ही एका भुंगेऱ्याची बाल्यावस्था होय. महाराष्ट्रातील तिच्या प्रमुख जातीची, म्हणजे होलोट्रिकिया सेराटा हिची, वर्षातून एकच पिढी होते. मेअखेरीस किंवा रोहिणीत वळवाचा पहिला चांगला पाऊस पडला, की तोवर मातीत दडलेले भुंगेरे सूर्यास्तानंतर झुंडीने बाहेर पडतात, बांधावरच्या कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, तेथे त्यांचे मीलन होते, रात्रभर ते पाला खातात, आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा जमिनीत शिरतात. त्यानंतर मादी ओलसर मातीत अंडी घालू लागते. एका मादीची अंडी पन्नासाच्या घरात जातात. दोनएक आठवड्यांनी अळ्या निघतात. प्रारंभी त्या कुजके सेंद्रिय द्रव्य आणि कोवळी तंतुमुळे यांवर निर्वाह करतात. तिसऱ्या अवस्थेत त्यांची भूक राक्षसी होते, आणि ही अवस्था नेमकी श्रावण-भाद्रपदात, भुईमुगाला आऱ्या सुटून शेंगा धरण्याच्या वेळी येते. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात अळी खोल जाऊन कोष करते, त्यातून भुंगेरा निघतो, आणि तो पुढील वळवाची वाट पाहत जमिनीतच पडून राहतो.

हा क्रम लक्षात घेतला म्हणजे एक गोष्ट स्वच्छ दिसते, की वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत ही कीड मनुष्याच्या हाताशी येते ती अवघ्या दोन-तीन आठवड्यांच्या संध्याकाळी, आणि तीही जमिनीच्या बाहेर, झाडावर, आपल्या डोक्याएवढ्या किंवा त्याहून थोड्या अधिक उंचीवर. त्या संध्याकाळी आठ-नऊच्या सुमारास फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे, आणि शेतात कंदील किंवा विजेचा दिवा लावून त्याखाली तशाच पाण्याचे घमेले ठेवणे, या कृतीत अंडी घालण्यापूर्वी एक मादी नष्ट होते आणि तिच्याबरोबर पन्नास अळ्या जन्माला येण्याचे टळते. विषाचे समर्थक ही घटिका दवडतात, दोन महिने थांबतात, शत्रू पन्नासपट होऊन मातीत विखुरला आणि आकाराने मोठा झाला म्हणजे मग त्याच्यावर दाणेदार विष टाकतात, आणि तेव्हा नैसर्गिक उपाय मंद आहेत अशी फिर्याद करतात. वाढलेल्या तिसऱ्या अवस्थेतील अळीवर रसायनही नीट चालत नाही, हे कीटकशास्त्रज्ञ प्रारंभापासून सांगत आले आहेत. म्हणूनच रसायनांच्या शिफारशीदेखील पेरणीच्या वेळच्या किंवा अळी लहान असतानाच्या आहेत. उशिरा सुचलेल्या उपायाचा दोष उपायाच्या जातीवर लादता येत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की भुंगेरा उडतो. माझ्या शेतात विष घालून मी ज्या अळ्या मारीन, त्यांची जागा पुढील वर्षी शेजाऱ्याच्या बांधावरील कडुनिंबावरून, गायरानातून, पाणंदीच्या बाभळीवरून येणारे भुंगेरे भरून काढतील. हुमणी ही सर्व्हे नंबराच्या हद्दी मानीत नाही. तिचे क्षेत्र गाव हे आहे. ज्याने त्याने आपापल्या शिवारापुरते विष विकत घ्यावे, ही कल्पना दुकानदारीस सोयीची असेल, परंतु तिचा या किडीच्या स्वभावाशी मेळ बसत नाही. येथे एक अपवाद मला प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. कोल्हापूर-सांगलीकडच्या नदीकाठच्या जमिनींत ल्युकोफोलिस नावाची जी निराळी हुमणी आढळते, तिचे भुंगेरे कडुनिंबावर पाला खाण्यासाठी अशी गर्दी करीत नाहीत. तेथे झाडे हलवून फारसे साधणार नाही, आणि नांगरट, बुरशी व सूत्रकृमी यांच्यावरच अधिक भर द्यावा लागेल. कोणती हुमणी आपल्या गावात आहे हे आधी ओळखणे, हा या साऱ्या विद्येचा पहिला पाठ होय. उलट राजस्थान-गुजरातेतील वालुकामय भुईत भुईमुगावर जी होलोट्रिकिया कॉन्सँग्विनिया ही जात येते, तिच्या भुंगेऱ्यांना एकत्र आणणारे गंधद्रव्य मेथॉक्सिबेंझिन हे असल्याचे संशोधकांनी ओळखले आहे, आणि ते ठरावीक झाडांवर लावून भुंगेऱ्यांना तेथेच गोळा करता येते. रसायनशास्त्राशी माझे वैर नाही हे यावरून ध्यानात यावे. माझा आक्षेप मातीत विष कालविण्याला आहे.

विषाने मुळांवरच्या भुंगेऱ्यांचा नायनाट करण्याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला आणि त्याची कैफियत सर्वज्ञात आहे. हुमणीच्याच कुळातील जपानी भुंगेरा १९१६ साली न्यू जर्सीत आढळला आणि हळूहळू पश्चिमेकडे पसरला. १९५४ मध्ये इलिनॉय राज्यातील शेल्डन गावाच्या परिसरात त्याच्यासाठी विमानातून डिल्ड्रीन धुरळण्यात आले, आणि पुढील वर्षांत ही मोहीम विस्तारत गेली. त्यानंतर तेथील रॉबिन, मैदानी चंडोल आणि इतर पक्षी जवळजवळ नाहीसे झाले, खारी मेल्या, शेतघरांतील मांजरे मेली, मेंढ्या दगावल्या. आणि भुंगेरा आपल्या वाटेने पुढे गेलाच. अमेरिकन लेखिका रेचेल कार्सनने १९६२ च्या आपल्या ग्रंथात या प्रकरणाला जे स्थान दिले आहे ते केवळ त्यातील हानीसाठी नव्हे. पूर्वेकडच्या राज्यांत त्याच भुंगेऱ्याच्या अळ्यांवर रोग आणणाऱ्या एका जिवाणूची भुकटी १९३९ पासून जमिनीत घालण्यात येत होती. तिने अळीखेरीज कोणाला इजा केली नाही, आणि एकदा जमिनीत स्थिरावल्यावर ती वर्षानुवर्षे काम करीत राहिली. शेल्डनच्या लोकांना हा उपाय महाग व मंद म्हणून नाकारण्यात आला होता. आजचे आपल्याकडील आक्षेपही शब्दशः हेच आहेत.

द्विदल पिकांच्या बाबतीत तर या प्रश्नाला एक विशेष गांभीर्य आहे. ज्वारी किंवा ऊस मातीतून घेतो. द्विदल मातीशी भागीदारी करतो. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियमसारखे जिवाणू हवेतील नत्र बांधून त्याला देतात, हे हेलरिगेल व विल्फार्थ यांनी १८८६ ते १८८८ या काळात सिद्ध केले आणि १८८८ साली बायेरिंक याने तो जिवाणू वेगळा काढून दाखविला. आपल्या पूर्वजांनी ज्वारीच्या पाठीवर तूर किंवा हरभरा घेण्याची जी वहिवाट पाडली, तिचे मर्म या गाठींत आहे. म्हणून ज्या थरात ही भागीदारी चालते, त्याच वीतभर थरात विष पसरविताना त्याचा घाव केवळ अळीवर पडेल अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. जिवाणू खताच्या पाकिटावर, बियाण्याला बुरशीनाशक व कीटकनाशक आधी चोळावे आणि जिवाणू सर्वांत शेवटी लावावा, अशी सूचना असते, ती या भीतीपोटीच. भुईमुगाचे तर याहून निराळे आहे. त्याची आरी जमिनीत शिरते आणि शेंग तेथेच, त्या विषारी मातीच्या प्रत्यक्ष स्पर्शात, भरते. चरबीत विरघळणारे विष आणि निम्म्याच्या आसपास तेल असलेला दाणा यांची ती गाठभेट मुद्दाम घडवून आणण्यासारखी नाही. तूर झाडावर पिकते, भुईमूग जमिनीत पिकतो, एवढी साधी गोष्टही शिफारस करणाऱ्यांच्या मनात पुरेशी वागत नाही, याचे मला दुःख वाटते.

मग पीक उभे असताना अळी आढळलीच तर काय करावे? येथे मातीनेच आपल्याला मित्र दिले आहेत. १८७९ साली ओडेसा येथे एली मेचनिकॉफ याने धान्यावरील एका भुंगेऱ्याच्या अळ्यांवर हिरव्या रंगाची बुरशी वाढलेली पाहिली आणि तिचा उपयोग किडींविरुद्ध करता येईल असे सुचविले. तीच आज मेटारायझियम या नावाने आपल्या कृषी विद्यापीठांच्या व कृषी विज्ञान केंद्रांच्या प्रयोगशाळांत तयार होते. तिचा बीजाणू अळीच्या त्वचेला चिकटतो, तेथे रुजतो, त्वचा भेदून आत शिरतो, आणि अळी मेल्यावर तिच्या देहावर हिरवट बीजाणूंचा थर चढतो, जो पुढील अळ्यांना बाधतो. सूर्यप्रकाशात ही बुरशी नष्ट होते, परंतु जमिनीत सूर्य पोहोचत नाही. तिला ओल लागते, आणि आषाढातील भुईत ओल असतेच. पानांवरच्या किडीसाठी जे तिचे वैगुण्य, तेच हुमणीसाठी वैगुण्य उरत नाही. चांगल्या मुरलेल्या शेणखतात ती मिसळून, सावलीत काही दिवस ओलसर ठेवून, अळ्या लहान असतानाच मुळांजवळ दिली पाहिजे. अळी थोडी मोठी झाली असेल तर हेटरोऱ्हॅब्डायटिस इंडिका हा कीटकभक्षी सूत्रकृमी आहे, जो १९९२ साली भारतातूनच प्रथम वर्णिला गेला आणि ज्याची पाण्यात मिसळण्याजोगी भुकटी बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने विकसित केली. तो मातीत अळीचा माग काढीत हिंडतो, तिच्या देहात शिरून आपल्याजवळचे जिवाणू सोडतो, दोन-तीन दिवसांत अळी विटकरी रंगाची होऊन मरते, आणि त्या मेलेल्या देहातून पुढे लक्षावधी नवे सूत्रकृमी बाहेर पडतात. दाणेदार विषाचा एकही कण आपली संतती अशी मागे ठेवीत नाही.

निंबोळी पेंड पेरणीपूर्वी मातीत मिसळावी. ती अळीला अरुची उत्पन्न करते, मुळांवर गाठी करणाऱ्या उपद्रवी सूत्रकृमींना आवर घालते आणि पिकाला नत्रही देते. झेंडूची मुळेही या गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना मानवत नाहीत, म्हणून फेरपालटात झेंडूला स्थान द्यावे. उन्हाळ्यातील खोल नांगरटीने दडलेले भुंगेरे वर येतात आणि नांगरामागून चालणारे बगळे, कावळे, साळुंक्या त्यांचा समाचार घेतात. अर्धवट कुजलेले शेणखत मात्र शेतात नेऊ नये. ते भुंगेऱ्यांना अंडी घालण्यास आणि वाळवीस अन्न म्हणून सोयीचे होते. वाळवीने शेंग कुरतडल्यास तिच्यावर अॅस्परजिलस बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण होते, म्हणून तरी रसायन हवेच, असा एक प्रतिप्रश्न केला जातो. त्याचे उत्तर वेळेवर काढणी, शेंगा लगेच वाळविणे आणि काढणीच्या आधीच्या दिवसांत जमिनीची ओल सांभाळणे हे आहे. एका विषाच्या भयाने दुसरे विष आधीच अन्नात घालून ठेवणे हे नाही.

भेसळीची तक्रार खरी आहे आणि गंभीर आहे. बाजारात मिळणाऱ्या जैविक भुकटीतील बीजाणू कधी कधी उन्हात पडून मेलेले असतात, कधी मुळातच नसतात. परंतु १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभरावर माणसे दगावल्यानंतर ज्या चौकशा झाल्या आणि ज्यांच्या अंती १९६८ चा कीटकनाशक अधिनियम झाला, त्या अधिनियमाखाली जैविक कीडनाशकांचीही नोंदणी होते, आणि त्यांची तपासणी करण्याचा अधिकार निरीक्षकांना आहे. तो अधिकार बजावला जात नसेल तर तो बजावण्याची मागणी करावी. बनावट खते विकली जातात म्हणून खतच नको, असे विषाचे समर्थकही म्हणत नाहीत.

मला याच दमात दुसऱ्या बाजूच्या काही मंडळींनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. वनस्पतीजन्य तेवढे निर्दोष, आणि डब्यात कुजविलेला कोणताही अर्क हुमणी घालवितो, असे जे सांगत फिरतात, ते या पक्षाचे हित करीत नाहीत. तंबाखूचा काढा निसर्गातूनच येतो आणि त्यातील निकोटीन माणसालाही घातक आहे. ज्या उपायाचा परिणाम शेतात मोजून पाहिलेला नाही, त्याच्या नावावर शेतकऱ्याचा हंगाम पणास लावणे हा अपराध आहे, मग तो उपाय कितीही सोज्ज्वळ दिसो.

रसायनाची मर्यादा कोठे संपते आणि शेतीविद्येची कोठे सुरू होते, हे पाहावयाचे असेल तर किडीच्या शेजारी उभ्या असलेल्या रोगाकडे, तुरीच्या मरीकडे, पाहावे. ही मर मातीतील फ्युजेरियम बुरशीमुळे होते; १९१० साली पुसा येथील एडविन बटलर याने तिच्यावर सविस्तर निबंध लिहिला. शंभर वर्षांवर काळ लोटला, परंतु तुरीच्या उभ्या शेतातील माती निर्विष करील असे परवडणारे रसायन कोणाला देता आले नाही. उपाय आला तो वाणांतून: इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने निवडलेली मारुती तूर, किंवा जालना जिल्ह्यातील बदनापूर केंद्राची बीएसएमआर ७३६, या मरीला दाद न देणाऱ्या तुरी शेतात उभ्या राहिल्या. ट्रायकोडर्मा या मित्र-बुरशीची बीजप्रक्रिया त्यांच्या मदतीला आली. आणि ज्वारीत तूर घेण्याच्या जुन्या पद्धतीने मरीचे प्रमाण घटते, हे इक्रिसॅटच्या पाटणचेरू येथील प्रयोगांतही दिसून आले. तुरीच्या मातीतील सर्वांत मोठा शत्रू विषावाचून आवरता आला, तर भुईमुगाच्या शत्रूसाठी तेच अशक्य का मानावे?

राहिला मजुरांचा प्रश्न. तो खरा आहे, आणि त्याचे उत्तर एकट्या शेतकऱ्याजवळ नाही. रोजगार हमीचा कायदा देशात प्रथम, १९७७ साली, या राज्याने केला. वळवानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत संध्याकाळी भुंगेरे वेचणे हे काम ग्रामपंचायतीने हाती घ्यावे, वेचलेल्या भुंगेऱ्यांना मापावर दाम द्यावा, गायरान व पाणंदीवरील झाडेही त्यात धरावीत, आणि शेजारच्या गावाने त्याच दिवसांत तेच करावे. याला जो खर्च येईल तो गावात दर वर्षी विकत घेतल्या जाणाऱ्या दाणेदार विषाच्या किमतीशी ताडून पाहावा. माझी गावोगावच्या सरपंचांना, कृषी सहायकांना आणि सहकारी सोसायट्यांच्या संचालकांना विनंती आहे, की हा हिशेब त्यांनी येत्या चैत्रातील ग्रामसभेत मांडावा, आपल्या गावात हुमणीची कोणती जात आहे ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडून ठरवून घ्यावे, आणि भुंगेरे वेचण्याच्या कामाची मंजुरी, दिवे व रॉकेल यांची तजवीज रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी करून ठेवावी. पहिला वळीव पडल्यावर बैठक बोलाविली तर उशीर झालेला असेल.